रेमीचं पाणी

राजाला जाऊन दोन आठवडे झाले होते आणि वर्सायमध्ये कधी नव्हे ती शांतता पसरली होती. पाच वर्षांच्या नव्या राजाला गाडीत बसवून सरदार-दरकदार निघून गेले. त्यांच्यामागून आचारी गेले, न्हावी गेले, केसांचे टोप विणणारे गेले. बेकरीवाला अर्धीच भट्टी पेटवू लागला. ज्या रस्त्यावर घोडागाड्यांमुळे म्हाताऱ्या माणसाला पलीकडे जाता येत नसे, त्या रस्त्यात आता कोंबड्या अंग पसरून ऊन खात बसत.

राजवाड्याच्या बागेची जी बाहेरची भिंत, तिला पाठ लावून एका खोलीचं घर होतं. तिथे पेरीन मातीची भांडी गवतात गुंडाळून टोपलीत भरत होती. तिचा नवरा बार्नाबे दोरीला गाठ मारत होता. दोघांचीही सत्तरी जवळ आलेली. राजा गेला, बार्नाबेने बागेतलं काम सोडलं, आता इथे राहून करायचं काय? शार्त्रला पेरीनची विधवा बहीण होती, तिने बोलावलं होतं. गुरुवारी गाडी यायची होती.

"म्हाताऱ्या, दोन गोष्टी सांगते, ऐक," पेरीन म्हणाली. "गाडी मँतनोंवरूनच जाते ना? तिथे थांबवायची. रेमीला जिथे पुरलंय तिथे मला उतरायचंय."

"बरं."

"आणि त्याच्या आधी मला बागेत ने. त्याचं पाणी बघायचंय मला."

बार्नाबेच्या हातातली गाठ सुटली.

"इतकी वर्षं कधी बघितलं नाहीस, ते आताच काय?"

"इतकी वर्षं ते भिंतीपलीकडेच होतं. कुठे पळून जात नव्हतं. आता मीच चाललेय. शिवाय डोळ्यांत जाळं वाढतंय. हिवाळ्यानंतर मला तुझं नाकसुद्धा दिसायचं नाही, आणि ते काही लहान नाही."

बार्नाबे हसला आणि सुटलेली गाठ पुन्हा मारू लागला.

बार्नाबे कारंजेवाला होता. त्या बागेत कारंजी इतकी होती की सगळी एकदम सोडली असती, तर टाक्या दुपारच्या जेवणाआधी कोरड्या पडल्या असत्या. पाणी कमी आणि राजाची हौस मोठी. म्हणून एक युक्ती होती. कारंजेवाले कुंपणाच्या झाडांमागे लपून उभे राहत. राजा फिरायला निघाला आणि वळणावर दिसला, की पहिला माणूस गळ्यातली पितळी शिटी एकदा लांब फुंकी. पुढचा चावी फिरवी आणि पाणी उसळे. राजा पुढे गेला, की दोन आखूड शिट्या होत आणि मागचं पाणी बंद होई. अशा रीतीने पाणी राजाच्या पुढे पुढे चाले. राजाला सगळी बाग सदा वाहती दिसे. राजा नसेल त्या दिवशी कोणी बागेत गेलं, तर त्याला दिसत कोरडे हौद आणि तोंड वासून बसलेले पितळेचे मासे.

हे राजाला माहीत होतं का, यावर कारंजेवाले गुत्त्यात वाद घालत. त्यांच्यातला ब्लेझ म्हणे, "माहीत असणारच. पण मागे वळून बघणं राजांना शोभत नाही."

आणि रेमी? रेमी हा बार्नाबे-पेरीनचा एकुलता एक मुलगा. तो एकोणीस वर्षांचा असताना राजाच्या मनात आलं, की पाणी पुरत नाही तर दूरची अर नदीच इकडे वळवून आणावी. राजाच्या मनात आलं म्हणजे ते व्हायलाच हवं. पलटणीच्या पलटणी बंदुका ठेवून कुदळ-फावडी घेऊन निघाल्या. रेमी त्यांतलाच एक शिपाई. मँतनोंजवळ कालवा खणत असताना चिखलातून ताप उठला आणि माणसं माश्यांसारखी मेली. रेमी गेला. त्या छावणीतल्या आजाराबद्दल कोणी ब्र काढायचा नाही, असा वरून दंडक होता. पुढे लढाई सुरू झाली, पलटणी सीमेवर गेल्या आणि काम थांबलं ते कायमचं. नदी आपल्या जागी राहिली. तिचा एक थेंबही वर्सायला आला नाही.

पेरीनने तेव्हा अन्न सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका संध्याकाळी कांद्याच्या सूपाचं भांडं हातात धरून बार्नाबे तिच्यापाशी बसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पेरीन, पाणी आलं गं. रेमीच्या कालव्याचं पाणी आज कारंज्यात उडालं. मी स्वतः चावी फिरवली."

ती उठून बसली. सूप प्यायली.

त्यानंतर तिने कधी बागेत पाऊल टाकलं नाही. म्हणायची, "माझ्या पोराच्या पाण्याशी दुसरे खेळतायत, ते मला बघवायचं नाही. आहे ना तिथे? मग झालं." आणि बार्नाबेने ते शब्द कधी मागे घेतले नाहीत.

आता मात्र दोन्हीकडून कोंडी झाली होती. बागेत नेलं, तर कोरडे हौद दिसणार. गुरुवारी मँतनोंवरून गेलं, तर नदीसाठी उभारलेल्या उंच कमानी अर्धवट तुटल्यासारख्या शेतात उभ्या दिसणार. त्यांच्यावरून पाणी कुठेच जात नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

रात्रभर विचार करून त्याने एक सबब शोधली. राजाचा दुखवटा! दुखवट्यात कारंजी बंद असतात, असं सांगायचं. बागेचं तर निभावेल. मँतनोंचं मँतनोंला बघू.

सकाळी तो बागेच्या कोठारात गेला. पाय सुजलेल्या दरबारी बायकांना फिरवायच्या चाकांच्या खुर्च्या तिथे धूळ खात पडल्या होत्या. मागे दोन चाकं, पुढे एक, वर चामड्याचं छत. राजाही शेवटच्या वर्षांत अशाच खुर्चीतून फिरे. बार्नाबेने त्यातल्या त्यात धड खुर्ची निवडली आणि घरी आणली.

पेरीनने रविवारची टोपी घातली होती. फडक्यात पाव आणि बकरीच्या दुधाचं चीज बांधून घेतलं होतं.

"हे काय? मी काय राणी आहे?"

"बस गं. पाय बघ तुझे, पावासारखे फुगलेत."

"पडले तर?"

"पडलीस तर उचलीन."

"तू? तुला उचलायला कोण येणार?" असं म्हणत ती बसली, आणि बसल्यावर गादीवरून हात फिरवून पाहिला. "मऊ आहे हो," ती हळूच म्हणाली.

भिंतीतल्या छोट्या दारातून ते आत शिरले. दारावरचा पहारेकरी झोपला होता. बाग होती तशीच होती. फक्त वाटेवरची पानं कोणी झाडली नव्हती. बार्नाबे खुर्ची ढकलत होता आणि मनातल्या मनात वाक्य घोकत होता, 'दुखवटा आहे ना, म्हणून बंद.' खुर्चीचं एक चाक करकरत होतं. समोर उतारावर लातोनाचं कारंजं येणार होतं, आणि त्याच्या अलीकडे कातरलेल्या झाडांचा उंच हिरवा पडदा होता. पलीकडच्या माणसाला त्या पडद्यावरून खुर्चीचं छत तेवढं दिसत असे.

कारंजेवाले अजून रोज आपापल्या जागी उभे राहत होते. नवा हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही, असा जुना हुकूम होता. आणि नवा हुकूम देणारेच निघून गेले होते.

अचानक एक लांब शिटी झाली.

बार्नाबे जागच्या जागी थिजला. पडद्यापलीकडे चावी फिरल्याचा आवाज आला, जमिनीखालचे नळ गुरगुरले, आणि झाडांच्या वर पांढरं पाणी उसळलं. त्याच्याही पुढे, खाली, दुसरी शिटी झाली. मग आणखी दूर तिसरी.

"अगं बाई!" पेरीन म्हणाली.

पडद्यामागून ब्लेझ धावत आला. चांगला आडदांड पन्नाशीचा माणूस, पण चेहरा पिठासारखा पांढरा. छातीवर क्रूसाची खूण करत होता.

"बार्नाबे! तू आहेस होय! मला वाटलं म्हातारा परत आला!"

"कोण म्हातारा?"

"कोण म्हणजे? ज्याला राजांना पुरतात त्या सां-दनीच्या तळघरात नेऊन ठेवला तो! झाडावरून छत सरकताना दिसलं, चाक करकरलं, आणि हात आपोआप शिटीकडे गेला. फुंकून झाल्यावर आठवलं की तो मेलाय. मग जो धावत सुटलो..."

"अरे गाढवा, आता थांबव सगळं!"

"कसं थांबवू? 'उघड'ची शिटी आहे, 'बंद'ची आहे. 'चुकलं'ची शिटी कुठे आहे आपल्यात? ती कधी कोणी शिकवलीच नाही. आणि चढतं पाणी मध्येच तोडलं तर नळ फुटेल, हे मी तुला सांगायचं?"

खरं होतं ते.

"नमस्कार, पेरीनवहिनी," ब्लेझ टोपी काढून म्हणाला. "माफ करा हं, तुम्हाला भूत समजलो."

पण पेरीनचं लक्षच नव्हतं. ती पुढे वाकली होती. डोळ्यांतल्या जाळ्यामुळे तिला माणसांचे चेहरे धड दिसत नसत. पण उन्हातलं ते उंच, पांढरं, हलतं पाणी तिला दिसत होतं. वाऱ्याबरोबर तुषार आले आणि तिच्या गालावर बसले. तिने ते पुसले नाहीत.

"वर ती बाई कोण उभी आहे?" तिने विचारलं.

"लातोना," ब्लेझ म्हणाला. "जुन्या काळची देवी. दोन पोरं घेऊन वणवण करत होती, तहानेने जीव चाललेला. तळ्यावर पाणी मागितलं तर शेतकऱ्यांनी मुद्दाम पाय मारून चिखल केला. मग देवाने त्यांना बेडूक करून टाकलं. ते बघा, खाली सगळे बेडूक तोंडातून पाणी थुंकतायत. आम्ही कारंजेवाले म्हणतो, बेडूक आपल्यातले."

पेरीन थोडा वेळ बघत राहिली. "माझ्या पोराने केला तो चिखल पाणी यावं म्हणून केला," ती म्हणाली. मग मागे न बघता हात वर केला आणि बार्नाबेचा हात खुर्चीच्या दांडीवर शोधून त्यावर ठेवला. "हेच ना रे ते?"

बार्नाबेने नुसती मान डोलावली. ते तिला दिसणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

"चल पुढे," ती म्हणाली.

खाली हिरवळीची लांबच लांब पट्टी होती आणि तिच्या टोकाला अपोलोचा मोठा हौद. तिथलंही पाणी वर चढलं होतं. पाण्यातून सूर्यदेवाचा रथ आणि चार घोडे छाती काढून बाहेर येत होते. बार्नाबे खुर्ची ढकलू लागला. दुखवट्याची सबब आता कशालाच उपयोगी नव्हती. पण तिची गरजही उरली नव्हती. त्याला वाटलं, सुटलो. चुकून का होईना, देवानेच वाचवलं. तिने पाणी बघितलं, आता ती समाधानाने जाईल.

तेवढ्यात पाठीमागून दोन आखूड शिट्या झाल्या. ब्लेझला तरी काय म्हणणार? खुर्ची पुढे गेली की दोन आखूड फुंकायच्या, हेच तो तीस वर्षं करत आला होता.

"थांब," पेरीन म्हणाली.

"काय झालं?"

"थांब म्हणते ना."

त्या खुर्चीतून मागचं दिसत नसे. छत आड येई. पेरीनने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले, सुजलेल्या पायांवर जोर दिला आणि उभी राहिली. मग सावकाश, एकेक पाऊल टाकत, ती पूर्ण मागे वळली.

लातोनाचं पाणी खाली येत होतं. आधी बाईच्या डोक्याइतकं झालं, मग कमरेइतकं. मग बेडकांच्या तोंडातून नुसती लाळ गळल्यासारखी धार राहिली, आणि तीही थांबली.

"मी गेले आणि बंद झालं?"

बार्नाबे चाकात अडकलेला पाचोळा काढायला वाकला.

"भिंतीपलीकडून या शिट्या मी जन्मभर ऐकल्यात. एक लांब, दोन आखूड. तू म्हणाला होतास, पहारा बदलायची शिटी आहे." तिचा आवाज मोठा नव्हता. "म्हाताऱ्या, माझ्याकडे बघ. नदी आली असेल तर पाणी बंद कशाला करावं लागतं?"

पाय सुजलेले होते तरी ती खाली बसत नव्हती. एखादी नवी सबब बार्नाबेला सुचली असती. तीस वर्षांची सवय होती. पण ती तशी उभी होती.

"नदी आली नाही, पेरीन," तो म्हणाला. "कधीच आली नाही. काम अर्ध्यात सोडून दिलं. हे पाणी पावसाचं आहे, आसपासच्या तळ्यांतून साठवून आणलेलं. ते पुरत नाही, म्हणून शिट्या."

ती खुर्चीत बसली.

"मग माझा पोरगा कशासाठी मेला?"

बार्नाबे खुर्चीला वळसा घालून तिच्यासमोर आला.

"तुझ्या त्या शब्दावर मी सूप प्यायले होते."

"म्हणून तर बोललो."

"आणि नंतर?"

"नंतर रोज वाटायचं, आज सांगावं. पण तू रोज जेवत होतीस."

पेरीनने तोंड फिरवलं. "थोडा वेळ ढकलू नकोस मला," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर उभा राहू नकोस. तिकडे मागे उभा राहा."

तो मागे जाऊन उभा राहिला. समोर अपोलोचं पाणी चढलेलंच होतं. तिथला माणूस 'बंद'च्या शिटीची वाट बघत झाडामागे ताटकळत असणार, पण खुर्ची पुढे जाईना त्याला कोण काय करणार?

उतारावरून कोणीतरी तरातरा येत होतं. मुकादम तिबो. काटकुळा, पिवळट चेहऱ्याचा माणूस. वर्षातून दोनदा त्याला हिवताप भरे आणि मग तो दातांचा आवाज करत टाक्यांवर चढे. त्याच्यामागे ब्लेझ येत होता, शिक्षा व्हायच्या पोरासारखा.

"कोणासाठी सोडलंत पाणी?" तिबो लांबूनच ओरडला. "कोणासाठी? राजा पुरला! नवा राजा व्हॅनसेनच्या वाड्यात खेळण्यातल्या घोड्यावर बसलाय! आणि हा गाढव मला म्हणतो, सवय! अरे, सवय म्हणून उद्या शेळी दिसली तरी..."

मग त्याला खुर्चीत बसलेली पेरीन दिसली. त्याने टोपी काढली.

"मुकादम," पेरीन म्हणाली, "तुम्हीही होता ना तिथे? कालव्यावर? तो ताप तुम्हाला तिथलाच आहे, असं बायका म्हणतात."

तिबोने एकदा मागे राजवाड्याकडे पाहिलं. सगळ्या खिडक्या बंद होत्या.

"बोलायचं नाही, असं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मग राजा होता तोवर बोललो नाही. आधी भीती होती. पुढे तीही आठवेना, नुसतं तोंड बंद ठेवायचं तेवढं आठवे." तो वाटेवरच्या दगडावर बसला. "होतो मी तिथे. रेमीच्या शेजारच्या तंबूत."

पेरीन खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही त्याला ओळखत होता?"

"कोण नव्हतं ओळखत? गायचा इतका वाईट, की सार्जंट त्याला पैसे देऊन गप्प करायचा." तिबो हसला. त्याला हसताना ब्लेझने पहिल्यांदाच पाहिलं असावं. "आणि काम असं करायचा, की आम्हाला राग यायचा. आम्ही कशीबशी माती उपसायचो. हा दोरी लावून कडा सरळ करत बसायचा. का, तर म्हणे, 'माझा बाप कारंजेवाला आहे, पाण्याला फसवता येत नाही असं तो म्हणतो.'"

बार्नाबेने खाली पाहिलं.

"त्याचा तुकडा पुरा झाला, त्या रात्री मोठा पाऊस पडला. सकाळी बघतो तर त्याच्या चरात गुडघाभर पाणी. तो आधीच उठून तिथे उभा. पायातला लाकडी बूट काढला आणि पाण्यावर सोडला होडीसारखा. बूट जरा जागेवरच फिरला, आणि मग हळूहळू इकडे यायला निघाला. वर्सायच्या दिशेने. रेमी काठाने त्याच्याबरोबर चालत होता, एक पाय अनवाणी, आणि ओरडत होता, 'उतार बरोबर आहे! उतार बरोबर आहे!' आम्ही हसलो. सार्जंटही हसला." तिबो थांबला. "त्यानंतर ताप आला तिकडे. तो फार दिवस पडून नव्हता, बाई. हे खरं सांगतो."

"तो चर?" पेरीनने विचारलं. "बुजला असेल आता."

"नाही. गेल्या वर्षी नळ आणायला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून बघून आलो. बाकीच्यांचे ढासळले. त्याचा आहे. पावसाचं पाणी साठतं. गावची गुरं तिथे पाणी प्यायला येतात, बायका कपडे धुतात. बेडूकही आहेत."

पेरीनने मांडीवरचं फडकं सोडलं, पावाचे चार तुकडे केले आणि एक तिबोला दिला, एक ब्लेझला. तिसरा तुकडा तिने न बघताच खांद्यावरून मागे धरला. बार्नाबे तो घ्यायला पुढे आला, तेव्हा ती म्हणाली, "ये. आता पुढे उभा राहिलास तरी चालेल."

तिबोने पाव खाल्ला, उठला आणि कपडे झटकले. पुन्हा मुकादम झाला. "टाक्या हिवाळ्याआधी रिकाम्या करायच्याच असतात," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "नाहीतर बर्फाने नळ फुटतात. ब्लेझ, खाली सांग, अपोलोचं पाणी बंद करू नकोस म्हणावं."

"कोणती शिटी देऊ?"

"शिटी नको. चालत जा आणि तोंडाने सांग. देवाने तोंड दिलंय ना?"

बार्नाबेने खुर्ची हौदाच्या अगदी काठाशी नेली. ते दोघं तिथे बसले, ती खुर्चीत आणि तो दगडी कठड्यावर. बार्नाबेने जन्मभर पाणी उघडलं होतं आणि बंद केलं होतं. पण ते आपलं आपण संपताना कधी पाहिलं नव्हतं. दुपार कलली. टाकी उपसत आली तशी धार हळूहळू खाली येऊ लागली. रथाच्या उंचीवर आली, मग घोड्यांच्या माना दिसू लागल्या. पेरीन ते सगळं बघत होती, मध्येच चीजचा तुकडा तोंडात टाकत होती.

"अजून राग आहे मला," ती म्हणाली.

"असू दे."

"शार्त्रला पोचेपर्यंत राहील."

"राहू दे की. रस्ता लांब आहे."

शेवटी पाण्याचा नुसता बुडबुडा राहिला. तोही विरला तेव्हा ती म्हणाली, "चल आता. घरी जाऊन उरलेली भांडी गुंडाळू."

गुरुवारी गाडीवाल्याने मँतनोंच्या अलीकडे बैल सोडले. दूरवर त्या कमानी उभ्या होत्या. गवत वाढलेलं, वर कावळे बसलेले. पेरीनने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. शिपायांना जिथे पुरलं होतं तिथे नाव नव्हतं की खूण नव्हती, नुसता उंचवटा होता. तिथे तिने गुडघे टेकले आणि बरंच पुटपुटली. बार्नाबेला त्यातलं ऐकू आलं नाही.

मग दोघं एकमेकांच्या आधाराने चरापर्यंत गेले. तिबोने सांगितलं होतं तसंच होतं. कडा सरळ, पाणी संथ. पलीकडे एक तांबडी गाय पाणी पीत होती. यांना बघून बेडूक धडाधड उड्या मारून नाहीसे झाले.

"बूट काढ," पेरीन म्हणाली.

"माझा?"

"मग काय गायीचा? माझे पाय सुजलेत, एकदा काढला तर परत चढायचा नाही."

बार्नाबेने उजव्या पायातला लाकडी बूट काढला आणि वाकून पाण्यावर सोडला. तो जागेवरच डुलत राहिला. शेवाळ होतं, वारा नव्हता. बार्नाबे एका पायावर उभा होता, त्याचा एक हात पेरीनच्या खांद्यावर होता. काही बोलावं असं त्याला वाटलं, पण पेरीनने बोट वर करून त्याला गप्प केलं.

गाय पाणी पिऊन वळली. तिच्या खुरांनी पाणी हललं. बूट शेवाळातून सुटला, एकदा स्वतःभोवती फिरला आणि सरळ कडेच्या बाजूने सावकाश निघाला, ज्या वाटेने ते आले होते त्या वर्सायच्या वाटेकडे.

पेरीन काठाने त्याच्याबरोबर चालू लागली. बार्नाबे एक पाय अनवाणी, लंगडत तिच्यामागे.

"दिसतोय का गं तुला?" त्याने विचारलं.

"दिसतोय की," ती म्हणाली. "उतार बरोबर आहे."